विर्ड : घडणे, ठरणे आणि भोगणे

विर्ड हा जुन्या इंग्रजीतला स्त्रीलिंगी शब्द. कोशांत त्याच्यापुढे दैव, नियती, प्राक्तन असे अर्थ दिलेले असतात. जुन्या हस्तलिखितांत मात्र तो पुष्कळ ठिकाणी नुसत्या 'घडलेल्या गोष्टी'साठी येतो. एकच शब्द घटनेलाही लावायचा आणि ती घटना घडवणाऱ्या शक्तीलाही लावायचा, या दुहेरी वापरात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. जे घडले ते घडणारच होते का? आणि ते घडणारच असेल, तर माणसाच्या करण्याला आणि ईश्वराच्या इच्छेला जागा कुठे उरते? इंग्लंडमधल्या भिक्षूंनी, कवींनी आणि एका राजाच्या दरबारातल्या विद्वानांनी हा प्रश्न याच शब्दाच्या आधाराने सोडवू पाहिला. पुढे दक्षिण इंग्लंडच्या भाषेतून हा शब्द मागे पडला, आणि उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडच्या बोलींनी तो 'वियर्ड' या रूपात जपला. 'विचित्र' या अर्थाचा आजचा इंग्रजी शब्द त्याच बोलीरूपातून आलेला आहे.

शब्दाचे मूळ निश्चित सांगता येते. जुन्या इंग्रजीत 'वेओर्थान' म्हणजे होणे, बनणे; विर्ड हे त्याच धातूचे नाम. जर्मनमधले 'वेर्डेन' हे त्याच कुळातले. सर्वांत जुना अर्थ 'वळणे' असा होता, लॅटिनमध्ये तो 'वेर्तेरे'त टिकला आणि संस्कृतात 'वृत्' धातूत. मराठीतले वर्तन, वृत्ती, आवर्तन, निवृत्ती हे सगळे शब्द याच धातूची लेकरे, म्हणून विर्डचे नाते मराठी वाचकाला परके नाही.

या नात्याचा एक पुरावा भाषाशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जुन्या इंग्रजीत 'झाला' हे एकवचनी रूप 'वेअर्थ' असे होते आणि 'झाले' हे अनेकवचन 'वुर्दोन' असे. एकाच क्रियापदात एका ठिकाणी थ आणि दुसऱ्या ठिकाणी द का यावा, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. 1870च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने त्याचे उत्तर वेदातल्या स्वराघातात शोधले. संस्कृतातल्या 'ववर्त' या रूपात आघात धातूवर पडतो आणि 'ववृतिम' या रूपात तो शेवटच्या अक्षरावर जातो. आघात आधी असेल तिथे जर्मानिक भाषांत थ राहिला, आघात मागाहून येत असेल तिथे त्याचा द झाला. विर्डमधला शेवटचा वर्ण याच नियमाने आला आहे. इंग्लंडच्या दैववाचक शब्दाचा उच्चार समजायला ऋग्वेदाचे पाठांतर उपयोगी पडावे, ही गोष्ट पाठांतर करणाऱ्या पिढ्यांच्या श्रमांचे मोल सांगणारी आहे.

स्कँडिनेव्हियात याच शब्दाचे रूप 'उर्द' असे आहे. तिथल्या जुन्या काव्यात विश्ववृक्षाच्या बुंध्याशी एक झरा असतो आणि त्याच्याजवळ तीन स्त्रिया माणसांचे आयुष्य ठरवीत असतात. पहिली उर्द, दुसरी वेर्दांदी, तिसरी स्कुल्द. उर्द म्हणजे झालेले. स्कुल्द या नावात देणे, ऋण, 'व्हायलाच हवे' असा भाव आहे. वेर्दांदी हे 'होणे' या क्रियापदाचे चालू काळाचे धातुसाधित, म्हणजे 'होत असलेली'. संस्कृतातला 'वर्तमान' हा शब्दही त्याच धातूचे चालू काळाचेच धातुसाधित आहे. तिघींपैकी मूळची एकटी उर्द असावी आणि बाकीच्या दोघी भूत, वर्तमान, भविष्य अशी जुळणी करण्यासाठी नंतर आल्या असाव्यात, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वळण्याच्या अर्थावरून आणखी एक तर्क केला जातो. सूत कातण्याच्या चातीची नावे अनेक भाषांत याच धातूपासून झाली आहेत, तेव्हा आयुष्याचा धागा कातणारी स्त्री ही कल्पनाही या शब्दात पहिल्यापासून असावी. तर्क आकर्षक आहे, पण त्याला साक्ष थोडी आहे.

इंग्लंडमधली सर्वांत जुनी साक्ष कोशाची आहे. इ. स. 700च्या सुमाराच्या, आता फ्रान्समधल्या एपिनाल येथे असलेल्या लॅटिन शब्दसंग्रहात रोमन पुराणातल्या तीन भाग्यदेवता 'पार्की' यांच्यापुढे विर्डचे अनेकवचन लिहिलेले आहे. यावरून एवढे खरे की त्या काळच्या भिक्षूला 'तिघी भाग्यदेवता' सांगायला हा शब्द जवळचा वाटला. इंग्लंडमध्ये अशा तिघींची पूजा होत होती, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. पोथीतल्या अवघड लॅटिन शब्दाला सोपा पर्याय देणे एवढेच त्या कोशकाराचे काम होते.

काव्यात शब्दाचा आवाका मोठा आहे. क्रूसावरच्या ख्रिस्तमरणाचे वर्णन करणाऱ्या 'ड्रीम ऑफ द रूड' या काव्यात क्रूसाचे लाकूडच बोलते, आणि आपण सोसलेल्या भयंकर प्रसंगांना ते विर्डचे अनेकवचन वापरते. तिथे अर्थ फक्त 'प्रसंग'. 'बेओवुल्फ'मध्ये तीन ठिकाणे एकत्र वाचण्यासारखी आहेत. पहिल्या ठिकाणी राक्षसाशी लढायला निघालेला वीर म्हणतो की विर्ड आपल्या वाटेने जाणारच. दुसऱ्या ठिकाणी तोच सांगतो की ज्याचे मरण ठरलेले नाही त्याला विर्ड बहुधा वाचवते, पण त्याचे धैर्य टिकले तर. तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. राक्षसाने आणखी माणसे मारली असती. पण विर्डच्या आड दोन गोष्टी आल्या, एक ज्ञानी ईश्वर आणि दुसरे त्या माणसाचे मन. कवीने येथे ईश्वर आणि मानवी धैर्य यांना एका बाजूला उभे केले आहे आणि दैवाला दुसऱ्या. ज्या काव्याला दैववादी म्हणण्याची प्रथा पडली, त्यातच दैव अडवले गेल्याची नोंद आहे. शेवटी म्हातारा राजा झालेल्या त्याच वीराला ड्रॅगनशी लढताना विर्ड यश देत नाही, हेही तेवढेच खरे.

यश 'देणे' यासाठी तिथे जे क्रियापद आले आहे ते लॅटिनमधल्या 'लिहिणे' या धातूवरून घेतलेले आहे. इतरत्र विर्डबरोबर 'घडवणे' आणि 'विणणे' ही क्रियापदेही येतात. पण पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लेख लिहून जाते, तसा पूर्ण लिहून झालेला, न वाचता येणारा मजकूर विर्डच्या कल्पनेत नाही. विणकाम चालू असते, वळण चालू असते, आणि ते संपल्यावर जे हाती येते त्याला विर्ड म्हणतात.

या शब्दाभोवती 19व्या शतकात मोठे मनोराज्य उभे राहिले. याकोब ग्रिम याने 1835 साली जर्मन पुराणकथांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात विर्डला ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या जर्मानिक देवतेचे स्थान दिले. नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांनी जिथे हा शब्द दिसेल तिथे जुन्या धर्माचा अवशेष पाहिला; ख्रिस्ती ओळी मागाहून घुसडलेल्या आणि विर्डच्या ओळी अस्सल, अशी वाटणी करून टाकली. अडचण अशी की इंग्लंडमध्ये रोमहून आलेली धर्मप्रसाराची मोहीम 597 साली सुरू झाली आणि विर्ड शब्द असलेले हाती आलेले जवळजवळ सगळे लेखन त्यानंतर, ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी केलेले आहे. ख्रिस्ती कोशकाराच्या, ख्रिस्ती कवीच्या हातातून गेलेला शब्दच पाहायला मिळतो. त्याच्या आधीचा शब्द कसा होता हे थेट सांगणारा कागद नाही. 1940च्या सुमाराला टिमर या अभ्यासकाने गद्य आणि पद्य दोन्हींतले दाखले तपासून या शब्दाचा ख्रिस्ती आशय पुढे मांडला. ई. जी. स्टॅन्ली याने 1960च्या दशकात लिहिलेल्या लेखमालेत तर अँग्लो-सॅक्सन पुराणधर्म शोधण्याच्या या हौसेचाच इतिहास लिहिला. त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे: संशोधकांना जे हवे होते तेच त्यांना सापडत गेले. आज नवपेगन पंथांत 'विर्डचे जाळे' म्हणून जी विश्वाची कल्पना सांगितली जाते तीही बरीचशी अर्वाचीन आहे. जुन्या काव्यांत विणण्याचे उल्लेख मोजके आहेत, आणि 'बेओवुल्फ'मध्ये तर युद्धातल्या यशाचे वस्त्र देणारा हात ईश्वराचा आहे.

विर्डचा खरा तात्त्विक कस लागला तो भाषांतरात. रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याला राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकले गेले आणि 524च्या सुमारास ठार मारले गेले. मरणाची वाट पाहत असताना त्याने 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. निरपराध माणसावर असे का ओढवते, जग ईश्वराच्या हाती असेल तर दुष्टांची भरभराट कशी होते, आणि ईश्वराला पुढचे सगळे ठाऊक असेल तर माणूस स्वतंत्र कसा, हे त्याचे प्रश्न. त्याचे जुन्या इंग्रजीतले रूपांतर परंपरेने राजा आल्फ्रेड याच्या नावावर आहे. आल्फ्रेडने 871 ते 899 या काळात वेसेक्सवर राज्य केले आणि व्हायकिंगांशी लढता लढता विद्या सावरण्याचा आटोकाट प्रयत्न केला. ग्रंथ त्याने स्वतः लिहिला की त्याच्या काळाच्या आसपासच्या कोणा विद्वानाने, याविषयी आज मतभेद आहेत. आशयाला त्याने बाधा येत नाही.

लॅटिन ग्रंथात दोन वेगळे शब्द आहेत. एक ईश्वराची योजना, जी त्याच्या बुद्धीत एकरूप आणि अचल असते. दुसरे दैव, म्हणजे तीच योजना काळाच्या ओघात, एकामागून एक घटनांच्या रूपात उलगडत जाते ती. इंग्रजी रूपांतरकाराने दैवासाठी विर्ड हा शब्द घेतला आणि त्याची जी व्याख्या केली ती मुळापेक्षा सोपी आणि, या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहिले तर, अधिक नेमकी आहे. एखादी गोष्ट ईश्वराच्या मनात असते, अजून झालेली नसते, तोवर तिला त्याचा पूर्वविचार म्हणायचे. ती पार पडली की तिला विर्ड म्हणायचे. विर्ड ही स्वतंत्र सत्ता नव्हे, ती ईश्वराचे दररोज घडत असलेले काम आहे. पुढे तो स्पष्टच बजावतो की काही तत्त्वज्ञ माणसाचे सुख-दुःख विर्डच्या हाती देतात, पण ख्रिस्ती लोक ते ईश्वराच्या संकल्पाच्या हाती मानतात. शब्द त्याने टाकला नाही. त्याचे सिंहासन तेवढे काढून घेतले.

याच प्रकरणात एक दृष्टान्त आहे. बोएथियसने एकाच मध्याभोवती फिरणाऱ्या वर्तुळांची उपमा दिली होती: जे वर्तुळ मध्याच्या जितके जवळ तितके ते स्थिर. इंग्रजी रूपांतरकाराने ती भूमिती बाजूला ठेवली आणि गाडीचे चाक समोर आणले. चाक फिरते, आस फिरत नाही. तरी सगळी गाडी तोलून धरते ती आसच. आस म्हणजे ईश्वर. आसाभोवतीच्या तुंब्याजवळ उत्तम माणसे असतात, कारण तुंबा फिरतो खरा पण आसाला लागून असतो. आऱ्यांच्या जागी मध्यम माणसे: आऱ्याचे एक टोक तुंब्यात रुतलेले आणि दुसरे बाहेरच्या लाकडी घेरात. तसाच मध्यम माणूस क्षणात वरचा विचार करतो, क्षणात जमिनीवरचा. बाहेरचा घेर म्हणजे सर्वांत हीन माणसे; ती सतत मातीला घासत जातात, दगडांचे धक्के खातात. पण घेरही आऱ्यांना जोडलेला, आरे तुंब्याला आणि तुंबा आसाला. त्यामुळे सर्वांत बाहेरचा माणूसही आसापासून तुटलेला नाही. जो ईश्वरापासून जितका लांब, त्याला विर्डचे धक्के तितके जास्त. जो जितका जवळ, तो तितका निश्चिंत.

दृष्टान्त ग्रामीण आहे, पण कच्चा नाही. दैवाचे प्रमाण सर्वांना सारखे नसून माणूस कुठे उभा आहे त्यावर ते अवलंबून असते, हा अवघड मुद्दा त्याने सहज हाती दिला. आणि उभे राहण्याची जागा बदलता येते, हेही त्यात गृहीत धरले.

तरी मुख्य प्रश्न उरतोच: ईश्वराला सगळे आधीच ठाऊक असेल तर निवड खरी कशी? बोएथियसचे उत्तर काळाच्या स्वरूपावर उभे आहे. ईश्वराला आधी-नंतर नाही. त्याला सगळे काळ एकदम समोर दिसतात, आणि चालणाऱ्या माणसाकडे कोणी पाहिले म्हणून तो चालायला बांधला जात नाही. इंग्रजी रूपांतरात हा शेवटचा भाग पुष्कळ संक्षिप्त झाला आहे. त्याऐवजी एका राजाचा विचार पुढे येतो. एखादा बलाढ्य राजा आहे आणि त्याच्या साऱ्या राज्यात स्वतंत्र माणूस एकही नाही, सगळे गुलामच. हे त्याला शोभेल का? शोभणार नाही. मग ईश्वराच्या राज्यात स्वतंत्र असे कोणीच नसावे, हे तर त्याहून कमी शोभेल. म्हणून त्याने देवदूत आणि माणसे अशा दोन जाती स्वेच्छेच्या दानासह निर्माण केल्या. तर्कशास्त्राच्या कसोटीवर हे उत्तर बोएथियसच्या उत्तरापेक्षा कमजोर ठरते, कारण ज्ञान आणि स्वातंत्र्य एकत्र कसे नांदतात हे ते सांगत नाही. पण स्वातंत्र्य का असावे हे ते सांगते, आणि गुलामगिरी रोजच्या व्यवहाराचा भाग असलेल्या समाजात कोणी तरी म्हणावे की सर्वशक्तिमान सत्तेची थोरवी तिच्या स्वतंत्र सेवकांवरून ठरते, ही साधी गोष्ट नव्हे. या ग्रंथाचे गद्य-पद्य मिश्रित रूप ज्या हस्तलिखितात होते ते 1731च्या लंडनमधल्या ग्रंथसंग्रहाच्या आगीत फार होरपळले. 'बेओवुल्फ'ची एकुलती एक पोथीही त्याच आगीत कडांनी जळाली.

आल्फ्रेडनंतर सुमारे 100 वर्षांनी एल्फ्रिक या मठवासी उपदेशकाने शब्दाशी इतकी तडजोड केली नाही. 990च्या दशकातल्या त्याच्या प्रवचनसंग्रहात येशूच्या जन्मावेळी पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना दिसलेल्या ताऱ्याचे प्रवचन आहे. तारा दिसला, बालक जन्मले; मग ज्योतिषी म्हणतात तसे प्रत्येकाचे आयुष्य ग्रहताऱ्यांवर ठरते का? एल्फ्रिकचा आधार पोप ग्रेगरी याचे लॅटिन प्रवचन होते. तारा बालकाकडे धावला, बालक ताऱ्याकडे गेले नाही. म्हणून दैव हा शब्द वापरायचाच तर ते बालकच ताऱ्याचे दैव झाले, असा ग्रेगरीचा युक्तिवाद. दुसरा दाखला बायबलमधल्या याकोब आणि एसाव या जुळ्यांचा: एकाच वेळी गर्भात आलेले, एकाच वेळी जन्मलेले, आणि वागण्यात व नशिबात एकमेकांच्या अगदी उलट. एल्फ्रिकचा निष्कर्ष असा की विर्ड ही खोटी समजूत आहे. प्रत्येकाच्या योग्यतेप्रमाणे त्याचे आयुष्य ईश्वर योजतो. येथे 'योग्यता' शब्द आला की भारतीय वाचकाला कर्मसिद्धान्त आठवेल. साम्य तेवढ्यापुरतेच आहे. ख्रिस्ती योग्यता याच एका जन्माची असते. संचित आणि प्रारब्ध यांना तिथे जागा नाही.

शहाणा सॉलोमन आणि खाल्डियाचा सॅटर्न यांच्यातल्या पद्यसंवादात हा वाद आणखी मोकळेपणाने चालतो. सॅटर्न विचारतो, विर्ड आणि सावधगिरी या दोघींत बलवान कोण? त्याने ऐकलेली शास्त्रे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, म्हणून त्याला खरे उत्तर हवे आहे. सॉलोमन विर्डचे बळ नाकारत नाही. तिला वळवणे कठीण, ती रडायला लावते, मने मारते. पण ज्याचे मन जागे आहे, जो मित्रांकडे मदत मागतो आणि ईश्वरी आत्म्याचा आधार घेतो, तो तिची प्रत्येक फेरी सौम्य करू शकतो. उत्तरातला जोर 'सौम्य करणे' यावर आहे. दैव नाहीसे होत नाही आणि माणूस हतबलही राहत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने एका चाकाने रथ चालत नाही, तसेच पुरुषकाराशिवाय दैव फळत नाही असे म्हटले, ते याच्या जवळ जाते. मात्र या कवीने मित्रांची मदत मोजली, आणि हा तपशील दैववादाच्या चर्चेत फारसा आढळत नाही.

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्याय आणि विद्या यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली, तेव्हा दैवासाठी 'फेट', 'डेस्टिनी', 'फॉर्च्यून' हे शब्द आले. 14व्या शतकात कवी चॉसर विर्डचे रूप वापरतो तेव्हा शेजारी 'डेस्टिनी' हा पर्याय देऊन ठेवतो, यावरून लंडनच्या वाचकाला तो अपरिचित होऊ लागला असावा. उत्तरेत तसे झाले नाही. स्कॉटलंडमध्ये 15व्या शतकाच्या आरंभी अँड्र्यू ऑफ विंटन याच्या पद्य-बखरीत मॅकबेथच्या गोष्टीत 'वियर्ड भगिनी' आल्या. 1513 साली गॅव्हिन डग्लसने व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट्समध्ये भाषांतर पुरे केले, त्यातही भाग्यदेवतांना हेच नाव आहे.

हेच नाव होलिन्शेडच्या बखरीच्या 1587च्या आवृत्तीतून शेक्सपिअरकडे पोचले. होलिन्शेडने त्या तिघी भाग्यदेवता असाव्यात किंवा भविष्य जाणणाऱ्या पऱ्या असाव्यात, असे दोन पर्याय दिले आणि निर्णय दिला नाही. शेक्सपिअरने ही अनिश्चितता जशीच्या तशी राखली, त्याचे सारे 'मॅकबेथ' नाटक तिच्यावर उभे आहे. 1623च्या छापील आवृत्तीत हा शब्द 6 वेळा येतो आणि एकदाही आजच्या वर्णलेखनात नाही; जुळारीच्या हाताखाली त्याचे 'वेवर्ड', म्हणजे हट्टी किंवा वाट सोडलेल्या, अशा शब्दाशी मिळतेजुळते रूप झाले. 1733 साली संपादक थिओबाल्डने बखरीशी ताडून तो दुरुस्त केला. तिघी भविष्य घडवतात की फक्त सांगतात, हे नाटक कुठेच उघड करत नाही. पण सेनापती मॅकबेथ आणि त्याचा सोबती बँको दोघेही त्यांची भविष्यवाणी एकाच माळावर, एकाच क्षणी ऐकतात. बँको ती ऐकून सावध होतो. मॅकबेथ आधी म्हणतो की नशिबात मुकुट असेल तर हात न हलवता मिळेल, आणि मग हात हलवतो. वाणीने कोणालाही खून करायला सांगितलेले नसते. मराठी रंगभूमीवर ही गोष्ट शिवराम महादेव परांजपे यांच्या 'मानाजीराव'मधून आणि वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधून आली.

'मॅकबेथ'मुळेच शब्दाचा अर्थ सरकला. दक्षिणेतल्या प्रेक्षकाला 'वियर्ड' म्हणजे दैव हे माहीत नव्हते. त्याला रंगमंचावर दाढी असलेल्या, अचानक नाहीशा होणाऱ्या बाया दिसत होत्या. 'वियर्ड भगिनी'तला पहिला शब्द त्यांच्या रूपाचे विशेषण समजला गेला. 19व्या शतकाच्या आरंभी शेली आणि कीट्स यांच्या कवितेत तो 'गूढ, अमानुष' अशा अर्थाने आला आणि नंतर 'विचित्र' या अर्थावर स्थिरावला.

बोलीत जुना अर्थ जिवंत होता. जोसेफ राइट याचा 'इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी' हा 6 खंडांचा कोश 1898 ते 1905 या काळात निघाला. यॉर्कशायरच्या गरीब घरात जन्मलेला राइट लहानपणी दगडाच्या खाणीवर गाढव हाकत होता, मग गिरणीत कामाला लागला. 15व्या वर्षापर्यंत त्याला अक्षर वाचता येत नव्हते, आणि शेवटी तो ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. जी बोली अडाण्याची म्हणून हिणवली जात होती, तीच तो घरात बोलत वाढला होता. त्या बोलींतले शब्द, वियर्डसह, त्याने कोशात मानाने बसवले.

उत्तरेतला सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार 'आपला वियर्ड ड्री करणे' हा. मराठीत त्याला 'आपले भोग भोगणे' म्हणता येईल. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून तो इंग्लंडभर पोचला. त्यातल्या 'ड्री' या क्रियापदाकडे नीट पाहिले पाहिजे. त्याचे जुने रूप 'ड्रेओगान', आणि त्याचा अर्थ सोसणे असाही होता आणि करणे, पार पाडणे असाही. गॉथिक भाषेत त्याच कुळातले क्रियापद सैनिकाची चाकरी करण्यासाठी वापरत. म्हणजे वाट्याला आलेले निमूट अंगावर घेणे एवढाच अर्थ या वाक्प्रचाराच्या मुळाशी नाही. वाट्याचे काम शेवटपर्यंत नेणे हाही आहे. मराठीतल्या 'भोग' शब्दात आधी केलेल्याचा हिशेब असतो, माणसाने काही तरी कमावलेले असते. वियर्डमध्ये असा हिशेब नाही. तो का वाट्याला आला याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही, आणि सोसणाऱ्याला दोषही देत नाही. दुःखी माणसाकडे पाहण्याची ही रीत जास्त दयाळू आहे, असे म्हणायला जागा आहे.

स्कॉट्स म्हणींतही शब्द टिकला. माणूस मनाला येईल तिथे मागणी घालतो, पण लग्न मात्र वियर्ड असेल तिथेच होते, अशी एक म्हण. बोलण्यामागून वियर्ड येतो अशी दुसरी, जिचा भाव 'वास्तू तथास्तु म्हणते' असाच आहे: तोंडातून निघालेले खरे होते, म्हणून शब्द जपून वापरावा. या दुसऱ्या म्हणीत दैव माणसाच्या जिभेमागून चालते. क्रियापद म्हणूनही हा शब्द वापरला जाई, एखाद्याला अमुक दैव नेमून देणे किंवा तमुक होईल असा इशारा देणे या अर्थाने.

त्याचेच नकारार्थी विशेषण 'वियर्डलेस'. शब्दशः ते 'दैवहीन' होते आणि 'दुर्दैवी' हा अर्थ त्यात आहेच. पण स्कॉट्स बोलीत ते विशेषतः अशा माणसाला लावत ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, ज्याला घर सांभाळता येत नाही, जो हाती घेतलेले काम पुरे करत नाही. कर्तबगारी नसलेल्याला तिथे वियर्ड नसलेला म्हणत.